खालचा कोरा कागद

११ सप्टेंबर १५३१, मोन्तेफाल्दो

पोचलो. खेचर माझ्याहून तरुण असूनही माझ्याहून जास्त कुरकुरलं, म्हणून चढणीवर दोनदा मोठ्या मनाने मीच खाली उतरलो. पण द्राक्षमळे संपले, काउंटचा बुरूज दिसला, आणि एकदम जाणवलं की या गावातल्या एकाही पोराला मला विभक्त्या शिकवायच्या नाहीत. खिंडीतच हसू फुटलं. खेचराने मागे वळून पाहिलं.

सव्वीस वर्षं लॅटिन शिकवलं. फाएंझात, इमोलात, मधली चार वर्षं एका मठात. एवढ्या काळात माणूस विद्वान होतो असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात तो दमतो. मला आता कीर्ती नको, शिष्य तर नकोतच. एक खुर्ची, एक खाट, आणि वेळ आली की त्याच खाटेवर निमूट डोळे मिटणं. याहून मोठी प्रार्थना मी करत नाही.

नोकरी चित्रकार उस्ताद वानोत्सो यांच्या घरी. काउंटचं लग्न नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला आहे, आणि नव्या शयनगृहाच्या भिंतींवर देवादिकांच्या कथा हव्या आहेत. चित्रकाराकडे हात असतो, कथा नसते. कोणाच्या रथाला कोणतं जनावर, कोणाच्या डोक्यावर कसला मुकुट, हे सांगायला मास्तर लागतो. तो मी.

घरात उस्तादांखेरीज दोघं. ब्रांका हा हाताखालचा कारागीर, तिशीचा, जिभेला हाड नाही. आणि घर सांभाळणाऱ्या तेस्साबाई. त्यांनी माझं गाठोडं हातात तोललं आणि विचारलं, की मास्तर, यात काय, सोनं की पापं? पुस्तकं म्हटल्यावर म्हणाल्या, म्हणजे दोन्ही नाही, ठेवा कोपऱ्यात. जेवायला वालाचं कढण, शेळीचं चीज, वर ताजे अंजीर. मी तीनदा वाढून घेतलं. ब्रांका म्हणाला, मास्तर बोलतात लॅटिन पण जेवतात आपल्या भाषेत.

खाट रुंद आहे. खिडकीतून टेकडी दिसते. आयुष्यात एवढं उशिरा का होईना, ठीक जागी आलो.

१४ सप्टेंबर

आज काउंटपुढे हजेरी. पलंगाच्या उशाशी दोन हात लांबीची एक चौकट रिकामी आहे. तिथे त्यांना उषेची देवी औरोरा हवी आहे: पहाट झाली, ती प्रियकराच्या मिठीतून उठते आहे. प्रियकर बलदंड तरुण असावा, आणि जमल्यास नाक काउंटच्या वळणाचं.

इथे गप्प बसणं हेच शहाणपण होतं. पण सव्वीस वर्षं चुका दुरुस्त केल्या की हात आपोआप वर होतो. मी म्हणालो, सरकार, औरोरा ज्याच्या शेजारून उठते तो तिथोनुस, आणि तो तरुण नव्हे. तिने त्याच्यासाठी जुपिटरकडे अमरत्व मागून घेतलं, तारुण्य मागायचं राहून गेलं. तो जख्ख होत गेला, पण मरेना. झिजत झिजत शेवटी नुसता आवाज उरला. आणि मी तीन ग्रंथांची प्रमाणं दिली, अध्यायासकट.

काउंट प्रसन्न झाले. त्यांना विद्वत्ता कळत नाही, म्हणूनच ती फार आवडते. म्हातारा मंजूर.

परतताना ब्रांका रस्ताभर हसत होता. पहिल्या रात्री नवरीने लाजत मान वर करावी, तर समोर कोण? आजोबा! मी म्हणालो, पण शास्त्रशुद्ध आजोबा.

१८ सप्टेंबर

तिथोनुससाठी म्हातारा सापडेना. धर्मशाळेतून तीन आणवले. पहिला खोकत राहिला. दुसरा झोपला आणि कुशीवर वळला. तिसऱ्याला वाटलं, कपडे काढायला सांगतात म्हणजे प्रेताला आंघोळ घालायची तयारी आहे. तो पाद्री बोलवा म्हणून ओरडायला लागला. त्याला तेस्साबाईंनी पाव देऊन घरी पोचवलं.

मग उस्तादांची नजर माझ्यावर आली. ते कमी बोलतात आणि बोलताना बोटांकडे बघतात. म्हणाले, मास्तर, हाडं चांगली आहेत तुमची. मी बावन्न वर्षांचा. हाडांची स्तुती या वयात पहिल्यांदाच ऐकली. उतरवले कपडे.

शाई माझ्यासमोरच तयार केली. मायफळाचा काढा, हिराकस, डिंक. काढा तांबड्या वाइनमध्ये करायचा आणि ती वाइन समोर बसणाऱ्याने आधी अर्धा पेला पिऊन उरलेली द्यायची, ही या घराण्याची रीत. उस्तादांच्या वडिलांपासून चालत आलेली. का, म्हणून विचारलं तर ब्रांका म्हणाला, फुकटची वाइन मिळाल्यावर का विचारणारा तुमच्यासारखा तुम्हीच.

काम काय, तर पडून राहायचं. डाव्या कोपरावर अर्धवट उठलेलं अंग, उजवा हात निघून जाणाऱ्या देवीकडे लांबवलेला. देवी म्हणजे खुंटीवर टांगलेली चादर. तीन तास पडून राहिलो आणि त्याला काम म्हणतात! विद्येची देवी रागावली नाही तर मी हेच करत राहीन.

१९ सप्टेंबर

ही शाई गमतीची आहे. काल कागदावर उमटली तेव्हा फिकट, नुसतं पाणी फिरवल्यासारखी. आज हवा लागून काळी झाली, आणि मी पहिल्यांदा स्वतःला पाहिलं.

कागद निळसर, चित्र भिंतीवर जेवढं होणार तेवढंच. उस्तादांची रेघ एकदा निघाली की थांबत नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत एका श्वासात गेली आहे. औरोराचं वस्त्र वाऱ्याने फुगलेलं, पाऊल जमिनीवरून सुटलेलं, चेहरा वळलेला. तिला मागे बघायची गरज नाही. आणि खाली मी. फासळ्या, गळ्याच्या शिरा, उघडं राहिलेलं तोंड. सुंदर म्हणावं तर मी त्यात आहे, आणि कुरूप म्हणावं तर उस्तादांचा अपमान.

रात्रभर गाढ झोपलो. उठल्यावर मात्र अंग असं मोडलेलं, की कोणी मला रातोरात या टेकडीवर चुना वाहायला लावलं असावं. अवघडून पडल्यामुळे असेल.

२३ सप्टेंबर

परवा उस्तादांनी चित्र पुन्हा हातात घेतलं. माझी गरज नव्हती, मी नुसता बघत होतो. म्हणाले, तुम्ही अजून पुरेसे म्हातारे नाही. शाईत पाणी घालून कुंचल्याने डोळ्यांखाली, गालफडात, बरगड्यांच्या खाचांत सावली भरली. तिथोनुस वीस वर्षांनी वाढला. मी हसून म्हणालो, माझी पण एवढी काळजी घेतली तर बरं.

काल सकाळी तेस्साबाईंनी दार उघडलं आणि विचारलं, कोण गेलं? मी म्हणालो, कोणी नाही. तर म्हणाल्या, मग हे तोंड कोणासाठी लावलंय? पाण्याच्या घंगाळात पाहिलं. डोळ्यांखाली दोन काळे डाग, बोटाने चोळले तरी जाईनात. गाल आत.

पाणी बदललं की असं होतं. जिना पण फार आहे.

२६ सप्टेंबर

डावा गुडघा दोन जागी दुखतो. हे वाक्य लिहून मी ते तीनदा वाचलं. व्याकरण बरोबर आहे. एक दुखणं गुडघ्यात. दुसरं त्याच्या चार बोटं वर, जिथे गुडघा नाही.

संध्याकाळी चित्र पाहिलं. उस्तादांनी गुडघा आधी वर काढला होता, मग चूक समजून खाली काढला. पहिली रेघ खोडता येत नाही, शाईच ती, तशीच दिसते.

ब्रांकाला सांगितलं. तो म्हणाला, पुस्तकं वाचणाऱ्यांना जादाचे अवयव असतातच, त्यात नवल काय. पण हसून झाल्यावर त्याने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही, असं वाटलं.

२७ सप्टेंबर

झोप भरपूर. विश्रांती नाही. खुर्चीत बसलो की बसण्याचे कष्ट होतात.

३० सप्टेंबर

गावाच्या वेशीवर, बाहेरच्या भिंतीत, संत ख्रिस्तोफरचं दोन पुरुष उंच चित्र आहे. ज्या दिवशी त्याचं दर्शन घडेल त्या दिवशी अवचित मरण येत नाही, म्हणून अख्खं गाव सकाळी तिकडे एक नजर टाकून कामाला लागतं. मीही टाकतो, शिष्टाचार म्हणून.

काल संत मायकेलचा सण. तेस्साबाई वेशीजवळच्या धर्मशाळेत पाव वाटायला निघाल्या, मला टोपली धरायला नेलं. ओसरीत कोपऱ्यात मेओ नावाचा हमाल बसलेला असतो. प्रचंड देह, पण आतून रिकामा. तेस्साबाई त्याचं तोंड पुसताना सहज म्हणाल्या, माझ्या आजीच्या लग्नात यानेच पिंपं वाहिली. तेव्हासुद्धा म्हातारा होता म्हणे. मी हिशेब करायला गेलो आणि सोडून दिला.

त्याचा डावा गाल पांढरा. गोरा नव्हे; चुन्यासारखा पांढरा, कडेला पोपडे. पावलं घोट्यापर्यंत हिरवट, ओल आल्यासारखी. त्याने माझी बाही धरली आणि फार आशेने विचारलं, की वेशीची भिंत पाडणार म्हणतात, खरं का? तेस्साबाई म्हणाल्या, नाही रे बाबा, कोण पाडतंय. मला हळूच म्हणाल्या, रोज हेच विचारतो.

येताना मी वर पाहिलं. संताच्या डाव्या गालाचा रंग उडून खालचा चुना दिसतो. पायांपाशी भिंतीला शेवाळ.

ते चित्र उस्तादांच्या वडिलांनी काढलेलं. समोर कोण बसलं होतं, हे मी विचारलं नाही. तेस्साबाईंनीच सांगितलं. अभिमानाने सांगितलं.

मरणाची भीती मला कधी नव्हती. मी ते हक्काने मोजून ठेवलेलं आहे, शाळा सुटायच्या घंटेसारखं. ती घंटाच वाजणार नसेल तर? आज हे लिहिताना हात थांबला. पडून राहतो जरा. पडूनही काही होत नाही, पण सवय आहे.

२ ऑक्टोबर

उस्तादांशी बोललो. स्पष्ट, मुद्देसूद, तर्कशास्त्राला धरून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोटांकडे बघत म्हणाले, कागद माणसातलं थोडंच घेतो, मास्तर. त्याहून उन्हाळ्यातला ताप जास्त घेतो. कागदावर आहे तोवर एवढंच. मी विचारलं, आणि भिंतीवर गेल्यावर? ते म्हणाले, आमच्या भिंती टिकतात.

हे त्यांनी मला धीर देण्यासाठी सांगितलं. हेच तर भयंकर आहे: त्यांना खरोखर वाटतं की ते मला काहीतरी देताहेत.

४ ऑक्टोबर

दुपारी स्वयंपाकघरात बसलो होतो, तेस्साबाई वाल सोलत होत्या. एकदम मानेला मुंगी चावल्यासारखं झालं. मग खांद्याला. मग दंडावरून खाली, एकापाठोपाठ एक, समान अंतरावर, शिवण घातल्यासारखं. बाही वर केली. बारीक लाल ठिपके, रांगेने, कोपराला वळसा घालून पुढे चाललेले. माझ्या डोळ्यांदेखत पुढे चाललेले.

वर धावलो. धावलो म्हणजे, गेलो. टेबलावर घोंगडी अंथरून त्यावर चित्र ताणून ठेवलेलं, आणि ब्रांका सुई घेऊन रेघेरेघेवर भोकं पाडत होता. भिंतीवर उतरवायची ही सगळ्यांचीच पद्धत आहे, हे मला माहीत होतं: भोकं पाडायची, कागद ओल्या गिलाव्यावर धरायचा, वर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटत जायचं, की भोकांतून ठिपके उतरतात. माहीत असणं आणि आपण त्यात असणं यांत अंतर आहे.

मी म्हणालो, थांब. ब्रांकाने पाहिलं, आणि पहिल्यांदाच विनोद केला नाही. म्हणाला, मास्तर, अर्ध्यात थांबलो तर तुम्ही अर्धे राहाल. ते बरं का?

मी जिन्यावर बसून राहिलो. सूर्य मावळायच्या आत त्याचं काम झालं.

५ ऑक्टोबर

आता मी चाळणी आहे. जेवलेलं, झोपलेलं, वाचलेलं, सगळं गळून जातं. संध्याकाळी एक ओळ वाचतो, शेवटच्या शब्दापर्यंत पहिला गळालेला असतो.

सकाळी तेस्साबाई ओरडत आल्या, की कोळशात लोळता का हो रात्री? चादरीवर काळ्या बारीक ठिपक्यांची आकृती. डाव्या कोपरावर उठलेली, उजवा हात लांबवलेला. मी तसा झोपलो नव्हतो.

काल भोकं मोकळी आहेत ना बघायला ब्रांकाने पुरचुंडी एकदाच आपटून पाहिली होती म्हणे. एकदाच.

तेस्साबाईंनी चादर धुतली. ठिपके गेले नाहीत. म्हणाल्या, उलटी करून घालते.

६ ऑक्टोबर

काउंटकडे गेलो. वाटेत चार वेळा बसलो.

म्हणालो, सरकार, माझी चूक झाली. औरोराचा आणखी एक प्रियकर आहे, केफालुस. शिकारी, तरुण, देखणा, नाकही सरळ. त्याच्यासाठीही ग्रंथप्रमाण आहे; पाच आहेत. शयनगृहाला तोच शोभेल. आयुष्यात इतकं चांगलं व्याख्यान मी दिलं नव्हतं. माझ्याच मताचा एकेक खांब मी पाडला.

काउंटनी मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला लागलेल्या काळ्या भुकटीकडे बघत म्हणाले, मास्तर, तुमचा म्हातारा आता आमच्या मनात बसला. सासऱ्यांना फेराराला पत्रही लिहून टाकलं, तीन प्रमाणांसकट. त्यांनी कौतुक कळवलंय. आता बदललं तर आम्ही अडाणी ठरू. आणि विद्वानाने असा शब्द फिरवू नये.

हे सगळं त्यांना मीच शिकवलं.

परवा रविवार. सगळे प्रार्थनेला जातील.

८ ऑक्टोबर, रविवार

घंटा झाली, ते गेले. मला ताप आहे असं सांगितलं. कोणी शंका घेतली नाही.

शांतपणे ठरवलंय. कागद जाळायचा. कागदाबरोबर मीही जाईन, हे गृहीत. त्यात वाईट काय? एवढंच तर मागत होतो. आत्महत्या हे पाप आहे, पण चित्र जाळणं याबद्दल कुठल्याही धर्मग्रंथात वचन नाही. मी आठवून पाहिलं. पुस्तकं तेस्साबाईंना. त्या चुलीला लावतील, लावू देत.

चित्र टेबलावर आहे. खरंच फार सुंदर आहे. उचलून धरलं की भोकांतून उजेड येतो.

जाळतो.

त्याच दिवशी, नंतर

जळालं. पूर्ण जळालं. औरोरा आधी गेली, तिला घाई असतेच. मग मी. आगीचा चटका बसला नाही. उलट हलकं वाटलं. इतकं हलकं की मी डोळे मिटून वाट पाहिली.

डोळे उघडले तर मी तिथेच. राख आणि मी.

ते परत आले. तेस्साबाईंनी तीन ताटल्या मांडल्या. मी समोर बसलेलो होतो. मी खाकरल्यावर दचकल्या, छातीवर क्रूस काढला, म्हणाल्या, अगोबाई, मास्तर, तुम्ही आहात होय! आणि चौथी मांडली. पण बघताना त्यांची नजर माझ्यावर ठरत नव्हती, घसरत होती.

उस्तादांना राख दाखवली. मीच दाखवली. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, चांगलं होतं हो ते. आणि ब्रांकाकडे पाहिलं.

ब्रांकाने कपाटातून दुसरा कागद काढला. कोरा. त्यावर एक रेघ नाही, शाईचा थेंब नाही. नुसती भोकं. चांगलं चित्र कोळशाने मळू नये म्हणून टोचताना त्याच्या खाली कोरा कागद ठेवतात, एका सुईत दोन्ही टोचले जातात, आणि भिंतीवर हा खालचा धरतात. सगळ्या कारखान्यांत हेच करतात, मास्तर, तो म्हणाला. तुम्हाला वाटलं, भिंतीला आम्ही ते चित्र नेऊन लावतो? कोणालाही विचारलं असतंत तर—

कोणालाही विचारलं नाही. मला सगळं माहीत असतं.

चेहरा, सावल्या, डोळे, जे काही माझं म्हणून होतं, ते चुलीत गेलं. उरला तो खालचा कागद.

९ ऑक्टोबर

लेखणी टेकवतो, अक्षर ठिपक्याठिपक्यांनी येतं. शाई पुरेशी आहे. हात—

भूक नाही. दुखणं नाही. गुडघासुद्धा नाही. फक्त दमणूक, ती कशाला धरून राहिली आहे कळत नाही. तिला धरायला मी उरलो नाही.

कागद मागितला. ब्रांका म्हणाला, तो वाड्यावर नेला, कुलपात. मग अचानक रडला. म्हणाला, माझ्याही बापाला यांनी... मेंढपाळ म्हणून. गोठ्याच्या भिंतीवर. मी रोज जाऊन भिंत कोरडी करून येतो.

म्हणून तो हसतो सारखा.

१० ऑक्टोबर

गाव सोडलं. वेशीतून गेलो, पहारेकऱ्याने विचारलं नाही. पुलापर्यंत पोचलो. बसलो. पुढे जायचं कारण शोधत होतो. कुठेही गेलो तरी भिंत इथेच.

मेओ म्हणाला होता तसं. नाही, म्हणाला नव्हता. मला वाटलं.

वारा आला की भोकांतून जातो. आवाज होतो. बारीक, किड्यासारखा.

परत आलो. चढण फार—

११ ऑक्टोबर

विटांवर पाणी मारलं. उद्या सकाळी गिलावा. लहान चौकट आहे, एका दिवसात होईल म्हणतात.

तेस्साबाई दारात थांबल्या. आत मी आहे की नाही ठरवता येईना त्यांना. अंदाजाने खाटेकडे बघून म्हणाल्या, मास्तर, कढण ठेवलंय. आणि बरं का, भिंतीवर गेलात की मी रोज फुलं—

मी म्हणालो, फुलं नकोत. पाणी टाका भिंतीवर. भरपूर टाका. रोज.

ऐकू गेलं नसावं. आवाज आता फार—

१२ ऑक्टोबर

वाड्यावर. न येता राहता आलं नाही. कोपऱ्यात बसलोय, वही मांडीवर. कोणी हाकलत नाही.

गिलावा ओला. थंड वास. कागद लावला, चार खिळे. उजेड छान आहे, उस्ताद म्हणाले.

डोक्यापासून सुरुवात. पुरचुंडीचा एकेक ठोका कपाळावर— मऊ. लागत नाही. जिथे पडतो तिथला भाग भिंतीकडे जातो आणि तिथेच— थंड—

ऐकू कमी येतंय. डावा कान भिंतीत. तिथून विटांचा आवाज. त्याही दमलेल्या आहेत.

गळा. छाती. श्वास घ्यायचं काम संपलं. इतकं सोपं असेल असं— पण थांबत नाही. थांबलं पाहिजे होतं. आतलं काही थांबतच नाही—

डावं कोपर. त्यावर आता कायमचा भार.

देवा, एवढा एक लिहिता हात तरी राहू दे. एक चूक राहू दे. भुकटी संपू दे.

नवी पुरचुंडी भरली. उजव्या खांद्याकडे वळले. ब्रांका विचारतोय, उस्ताद, आधी मनगट की बोटं. उस्ताद म्हणतात, आधी